घोडा, घराणं आणि गुणपत्रिका: लष्करी अकादमीच्या दाराचा इतिहास, हिंगोलीतून पाहिलेला



विषय ठरवताना संयोजकांनी मला एकच अट घातली होती. व्याख्यान इतिहासाचंच असू द्या, पण दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील येणार आहेत, त्यांच्या उपयोगाचं काहीतरी असावं. मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी तो उपयोगाचा प्रश्न विचारूनही टाकला. "सर, पोराला दहावीत ९१ टक्के आहेत. वर्गात पहिला असतो. एनडीएला लागंल ना?"

मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते वाक्य कळायला दीडदोनशे वर्षं मागं जावं लागेल. तर चला, जाऊ या.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. आज हिंगोली म्हटलं की हळदीचा बाजार आणि राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आठवतो. जवळच नर्सी आहे, नामदेव महाराजांचं गाव. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या लष्करी नकाशावर हिंगोलीचं नाव ठळक होतं ते छावणीमुळं. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहानं निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणजे इथून थोडं उत्तरेला गेलं की जो मुलूख लागतो, तोच या फौजेचं बिल म्हणून गेला! हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, औरंगाबाद, एलिचपूर, बोलारम ही या फौजेची ठाणी. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून टाकली गेली आणि हिंगोलीची छावणी उठली.

आता या फौजेच्या घोडदळात शिरायचं कसं? तिथं शिलेदारी पद्धत होती. शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपल्याला शिवकाळापासून माहीत आहेत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करतो तो बारगीर. इंग्रजांनी हीच पद्धत उचलली आणि नियमात बसवली. घोडा किंवा घोड्याइतकी रक्कम घेऊन या, असामी मिळेल. माझ्या मते हीच त्या काळची गुणपत्रिका. अंगात किती बळ आहे हे नंतर बघू, आधी घोडा दाखवा. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू, त्यानं बारगीरच व्हायचं.

आणि हा शिपाई कितीही पराक्रमी असला तरी फार तर रिसालदार होणार. त्याच्या वर इंग्रज साहेब. मग हा साहेब कसा निवडला जायचा? कंपनी सरकारची एक लष्करी शाळा लंडनजवळ ॲडिसकोंब इथं होती, १८०९ ते १८६१. तिथं पोरांचा क्रमांक लागायचा आणि त्या क्रमांकावर आयुष्य ठरायचं. सगळ्यात वरचे इंजिनिअर्समध्ये, त्यांच्या खालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात. वर्गातल्या क्रमांकाला लष्करात एवढं वजन इतक्या उघडपणे क्वचितच मिळालं असेल. खुद्द इंग्लंडच्या राणीच्या फौजेत मात्र पायदळातली आणि घोडदळातली अधिकारीपदं १८७१ पर्यंत चक्क पैसे मोजून विकत घेता यायची. म्हणजे एकाच काळात, एकाच साम्राज्यात दोन मापं होती. एकीकडं गुण, दुसरीकडं पैसा. आणि आपल्या इथल्या माणसाला त्या दोन्ही मापांनी मोजायचंच नाही, हे आधीच ठरलेलं.

पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झननं हिंदी लोकांसाठी इम्पीरियल कॅडेट कोअर काढली. कोणासाठी? संस्थानिकांच्या आणि सरदार घराण्यांच्या मुलांसाठी. इथं घोडा गेला आणि घराणं आलं. त्यातून बाहेर पडलेल्यांना इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा नव्हताच. मग पहिलं महायुद्ध झालं, लाखो हिंदी शिपाई लढले, आणि १९१८ मध्ये सरकारनं सँडहर्स्टच्या अकादमीत हिंदी मुलांसाठी दरवर्षी १० जागा ठेवल्या. साऱ्या देशाला दहा! आणि गंमत ऐका, तेवढ्याही धड भरेनात. गेलेल्यांपैकी बरेच नापास होऊन परत येत. इंग्रज अधिकारी म्हणायला मोकळे झाले, बघा, यांच्यात नेतृत्वच नाही.

खरं कारण वेगळं होतं. उमेदवार शिफारशीनं जायचा. कोणाचे वडील सरकारनिष्ठ, कोणाचं खानदान मोठं, हे आधी बघितलं जायचं. तिथला खर्च सामान्य घराला झेपणारा नव्हता. आणि ज्या प्रकारची शाळा त्या परीक्षेला लागते, तशी शाळा इथं जवळजवळ नव्हतीच. म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघालं. कॉलेज नावालाच, प्रत्यक्षात ती शाळा, सँडहर्स्टची तयारी करून घेणारी. पुढं स्कीन समिती बसली. तिच्यात मोतीलाल नेहरू होते, जिना होते. समितीनं सांगितलं, हिंदुस्थानातच अकादमी काढा.

ती निघाली १९३२ मध्ये. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी. पहिल्या तुकडीत ४० छात्र. आता हे ४० कसे आले ते नीट ऐका, कारण आपल्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. १५ जण खुल्या स्पर्धा परीक्षेतून, १५ जण सैन्यातल्या शिपाईवर्गातून आणि १० जण संस्थानांच्या फौजांतून. म्हणजे चाळीसातले पंधराच गुणानुक्रमानं. तरी ती मोठी गोष्ट होती. हिंदी मुलाला मायदेशात, खुल्या परीक्षेत गुण मिळवून लष्करी अधिकारी होण्याची वाट पहिल्यांदा मिळाली. त्या पंधरांच्या गुणवत्ता यादीत सहावा क्रमांक होता अमृतसरहून आलेल्या एका पारशी डॉक्टरच्या मुलाचा. नाव सॅम माणेकशॉ. पहिले पाच कोण होते हे इथं कोणी सांगू शकेल का? नाही ना? सहावा मात्र फील्ड मार्शल झाला. याचा अर्थ क्रमांकाला किंमत नाही असा घेऊ नका. त्या यादीत यायला क्रमांक लागलाच. पण आत गेल्यावर पुढची चाळीस वर्षं यादी कोणी उघडून बघत नाही.

आता १९३२ साली हिंगोलीचा एखादा हुशार मुलगा त्या यादीत येऊ शकला असता का, असं स्वतःला विचारा. परीक्षा इंग्रजीत. आपण निजामाच्या राज्यात, जिथं कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं आणि मराठी शाळांची वानवा. घरात मराठी, कचेरीत उर्दू, परीक्षेत इंग्रजी. शिवाय अकादमीचा खर्च पालकानं भरायचा. नैनितालला, डेहराडूनला शिकलेली मुलं एकीकडं आणि कळमनुरीचा पोरगा दुसरीकडं. नियमानं दार उघडं होतं, पण दारापर्यंत रस्ताच नव्हता. माझ्या आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गुणांची परीक्षा घराण्यापेक्षा न्याय्य असते, पण परीक्षेपर्यंतचा रस्ता सगळ्यांना सारखा नसतो.

ब्रिटिश मुलखातल्या मराठी माणसांनी हे ओळखलं होतं. पुण्यात १९३२ मध्ये श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघालं, १९३७ मध्ये नाशिकला डॉ. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं. मराठवाड्यात असं काही उभं राहायला स्वातंत्र्य यावं लागलं. आणि आपलं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धानं आणखी एक बदल घडवला. अधिकारी हजारोंनी हवे झाले. नुसत्या मुलाखतीनं घेतलेले काही जण रणांगणावर टिकेनात. तेव्हा इंग्लंडमध्ये १९४२ च्या सुमारास आणि आपल्याकडं १९४३ मध्ये निवड मंडळाची नवी पद्धत आली. उमेदवाराला काही दिवस ठेवून घ्यायचं, चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावायची, गटात काम द्यायचं, दोरी-फळ्या-पिंप देऊन अडथळा पार करायला सांगायचं आणि तो माणसांशी कसा वागतो ते बघायचं. आजचं एसएसबी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड त्याच पद्धतीचं. याच युद्धकाळातल्या भरतीत, १९४५ साली, एक मराठी तरुण अधिकारी झाला, अरुणकुमार वैद्य. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांनी रणगाड्यांची जी पलटण चालवली तिचं नाव डेक्कन हॉर्स. या पलटणीचं मूळ कुठं? हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात! म्हणजे ज्या फौजेत आपल्याकडच्या माणसाला रिसालदाराच्या वर जाता येत नव्हतं, तिच्याच वारस पलटणीचं नेतृत्व एका मराठी माणसानं केलं, महावीर चक्र मिळवलं आणि पुढं १९८३ मध्ये तो लष्करप्रमुख झाला.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांचं एकत्र शिक्षण सुरू झालं. १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग, त्याच वर्षी ऑक्टोबरात खडकवासल्याला पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला आणि १९५५ च्या जानेवारीत तिथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन. आपल्या राज्यात, पुण्याच्या उशाला. तरी मराठी मुलं त्या मानानं कमी जायची. म्हणून साताऱ्याला १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा उघडली, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. आणि १९७७ मध्ये राज्य सरकारनं औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. सगळे तिला एसपीआय म्हणतात. दहावीनंतर मुलं निवडायची आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएची तयारी करून घ्यायची. मराठवाड्याच्या दृष्टीनं हा रस्त्याचा पहिला डांबरी तुकडा म्हणा ना.

आता त्या गृहस्थांच्या ९१ टक्क्यांकडं येऊ. एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुण, लेखी एकूण ९००. त्यातून निवडलेल्यांना एसएसबी, तेही ९०० गुणांचं. बेरीज १८००. या अठराशेत शाळेच्या गुणांना किती जागा आहे? शून्य. दहावीच्या टक्क्यांना शून्य, बारावीच्या टक्क्यांना शून्य, वर्गातल्या क्रमांकाला शून्य. भूदलासाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण, नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. टक्केवारीची अट नाही.

गंमत बघा, अग्निवीर म्हणून शिपाईपदावर जायचं तर दहावीला सरासरी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ लागतात. आणि अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत मार्कशीटवर आकडा बघितला जात नाही! हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. अनेक बोर्डं, प्रत्येकाची गुण देण्याची पद्धत निराळी. एका बोर्डाचे ९१ आणि दुसऱ्याचे ७८ यांत कोण वरचढ, हे कोण ठरवणार? त्यापेक्षा सगळ्यांना एका दिवशी एकच पेपर. शिफारस नको, घराणं नको, शाळेचं नावही नको. १९१८ च्या त्या दहा जागांचा अनुभव आठवा, म्हणजे यातला न्याय कळेल.

अमेरिकेत वेस्ट पॉइंटला याच्या उलट आहे. तिथं शाळेतले गुण, वर्गातला क्रमांक, खेळ, शाळेत केलेलं नेतृत्व, हे सगळं मोजतात आणि शिवाय बहुतेकांना खासदारासारख्या कोणाचं तरी नामनिर्देशन लागतं. आपल्याकडं ही पद्धत असती तर काय झालं असतं? तुमच्या चेहऱ्यांवर उत्तर दिसतंय, मी बोलत नाही.

मात्र एक अपवाद सांगतो. बारावीनंतर तांत्रिक शाखेतून थेट जाण्याची भूदलाची वाट आहे, तिथं भौतिक-रसायन-गणितात किमान ६० टक्के लागतात. नौदलाच्या बी. टेक. प्रवेशाला ७० टक्के. पूर्वी भूदलाच्या या वाटेवर बारावीच्या टक्क्यांवरच चाळणी लागायची. आता दोन्हीकडं जेईई मुख्य परीक्षेचा आधार घेतात. म्हणजे इथंही ओढा तिकडंच, बोर्डाच्या गुणांकडून सामाईक परीक्षेकडं.

आता जरा जमिनीवरचा हिशोब. २०१८ ते २०२० या वर्षांत एनडीएच्या लेखी परीक्षेची पात्रतारेषा ९०० पैकी ३२५ ते ३५५ च्या आसपास होती. म्हणजे ३६ ते ३९ टक्के. अंतिम यादीचा शेवटचा आकडा १८०० पैकी ७०० च्या आगेमागे, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या अलीकडंपलीकडं. दहावीत ९१ मिळवणाऱ्या मुलाला हे ऐकून वाटेल, एवढंच? पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात आणि लाखो मुलांतून जागा असतात साधारण चारशे. शाळेतला ९१ आणि इथला ३८, या दोन आकड्यांचं मापच वेगळं आहे. बारावीच्या गणितात पाठ केलेलं चालून जातं. इथं अडीच तासांत १२० प्रश्न. आणि क्षमता चाचणीतले २०० गुण इंग्रजीचे. पेपर इंग्रजीत आणि हिंदीत, मराठीत नाही. गणित आणि इंग्रजी मिळून ९०० पैकी ५००. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि शंभरातले साधारण पंच्याऐंशी लोक खेड्यात. त्यांच्या मुलांचं खरं अडतं ते या पाचशेवर. आधीच्या काळी घोडा नव्हता, आता इंग्रजी आणि गणिताची सवय नाही. नड तीच, रूप बदललं.

मग शाळेतले गुण अगदीच वाया का? तसंही नाही. एसएसबीला गेल्यावर एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात दहावी-बारावीचे टक्के लिहावे लागतात. मुलाखत घेणारा अधिकारी ते समोर ठेवूनच बोलतो. दहावीला ९१ आणि बारावीला ६२ असेल तर विचारणारच, काय झालं? इथं आकड्यापेक्षा उत्तर महत्त्वाचं. बापाच्या आजारपणात शेत सांभाळलं, हे खरं असेल तर सरळ सांगावं. क्लासवाल्यानं शिकवलेलं सांगितलं की ते लगेच कळतं. त्याच पत्रकात राहण्याचं ठिकाण, ते जिल्ह्याचं मुख्यालय आहे का, तिथली लोकसंख्या, असं विचारलेलं असतं. मग हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला, तालुके पाच, औंढ्याचं नागनाथाचं मंदिर, छावणीचा इतिहास, हे मुलाला माहीत असायला हवं. आपल्या गावाबद्दल ज्याला चार वाक्यं बोलता येत नाहीत, त्यानं देशाबद्दल काय सांगावं?

आणि एक. वर्गातला क्रमांक मोजायला सुरुवात होते ती आत गेल्यावर. प्रबोधिनीत आणि नंतर डेहराडूनला अभ्यास, कवायत, खेळ, नेतृत्व या सगळ्याचा मिळून गुणानुक्रम लागतो. पदकं त्यावर, सेवाज्येष्ठता त्यावर. ॲडिसकोंबची सावली तिथं अजून आहे.

(श्रोत्यांतून एका विद्यार्थिनीचा प्रश्न: "सर, मुलींचं काय?")

बरं झालं विचारलंस बाळा. २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तुझे गुण कितीही असते तरी उत्तर 'नाही' असंच होतं. सर्वोच्च न्यायालयानं १८ ऑगस्ट २०२१ ला अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या परीक्षेला मुली बसल्या. २०२२ मध्ये १९ मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. नाशिकला आता मुलींसाठीही एसपीआयसारखी सरकारी संस्था आहे. बघ, घोडा, घराणं, माध्यम यांच्या यादीत आणखी एक कुलूप होतं, आणि ते उघडायला स्वातंत्र्यानंतर ७४ वर्षं लागली.

तर आता बाहेर चहा घेताना भेटलेल्या गृहस्थांना उत्तर. तुमचा मुलगा वर्गात पहिला आहे याचा आनंद माना, पण प्रबोधिनी ते विचारणार नाही. ती विचारेल, त्याला अनोळखी गणित सुटतं का, इंग्रजी उतारा वाचून समजतो का, आणि नऊ अनोळखी पोरांबरोबर एक ओंडका खड्ड्यापलीकडं न्यायचा झाला तर तो काय करतो. दार आता बारावीला नाही, अलीकडंच सुरू होतं. सैनिक शाळेसाठी सहावीची प्रवेश परीक्षा, डेहराडूनच्या आरआयएमसीसाठी पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत होणारी परीक्षा, एसपीआयसाठी दहावीचं वर्ष. यातलं काही हुकलं तरी घरी बसून अर्ज भरता येतो, पदवीनंतर सीडीएसची वाट आहेच. अकरावीला शाखा निवडताना मात्र जपा. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं तर एनडीएतून हवाई दल आणि नौदल तिथंच बंद.

शिलेदाराच्या काळात बापानं घोडा विकत घेऊन दिला तर पोराला असामी मिळायची. आज बापाला घोडा घ्यायचा नाही. सहावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचून घ्यायचं, गणितात अडलं तर शिक्षकांकडं जायला लावायचं, आणि संध्याकाळी मैदानावर सोडायचं. त्याला पैसा कमी लागतो, चिकाटी जास्त लागते. आणि मंडळी, चिकाटीच्या बाबतीत मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.